पाचजणींतली एक, आणि मग एकटी

(पुण्यात तरुण गायिका आणि त्यांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

समोर मुली बऱ्याच दिसतायत, आणि त्यांच्या मागच्या रांगांत त्यांच्या आया. म्हणून प्रस्तावना न करता विषयालाच हात घालते. पॉपच्या दुनियेत एखादी मुलगी ग्रुप सोडून एकटी गायला लागली की लोकांचा निकाल तयारच असतो. डोक्यात हवा गेली, मैत्रिणींच्या जिवावर मोठी झाली आणि पंख फुटल्यावर उडून गेली. डिसेंबर २०१६ मध्ये कमिला काबेयो फिफ्थ हार्मनी या पाच मुलींच्या अमेरिकन ग्रुपमधून बाहेर पडली तेव्हा माझ्या क्लासमधल्या मुलींतसुद्धा तट पडले होते. उरलेल्या चौघींचं म्हणणं, ती जाणार हे आम्हाला तिच्या माणसांकडून कळलं. तिचं म्हणणं, माझ्या मनात काय चाललंय ते यांना ठाऊक होतं. खरं कुणाचं, यावर आजही वाद घालता येईल. मला तो घालायचा नाही. तो ग्रुप मुळात कसा तयार झाला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

२०१२ साली अमेरिकेतल्या ‘द एक्स फॅक्टर’ या स्पर्धेत या पाचही जणी एकेकट्या आल्या होत्या. एकट्या म्हणून बाद झाल्या, आणि मग परीक्षकांनी त्या पाचजणींची मोट बांधली. कमिला तेव्हा १५ वर्षांची होती. ग्रुप तिसरा आला, करार झाला, गाणी गाजली. म्हणजे एकटीनं गायला आलेली मुलगी चार वर्षांनी एकटीनं गायला गेली. यात दगाफटका कसला? ज्या घरात तिला दुसऱ्यांनी नेऊन बसवलं, त्या घराशी तिनं जन्मभराची निष्ठा ठेवावी, अशी अपेक्षा आपण करतो.

आणि हे एका ग्रुपपुरतं नाही. ब्रिटनमधला मुलींचा ग्रुप स्पाइस गर्ल्स, त्या ‘द स्टेज’ या साप्ताहिकातल्या १९९४ च्या जाहिरातीतून जमल्या. टीव्हीवर चाचण्या घेऊन ग्रुप उभा करायचा प्रकार १९९९ मध्ये न्यूझीलंडमध्ये ‘पॉपस्टार्स’ या कार्यक्रमानं सुरू केला, आणि तोच २००२ मध्ये चॅनल व्हीवर आपल्याकडे आला. मागच्या रांगांतल्या आयांना त्यातून उभा राहिलेला विवा हा ग्रुप आठवत असेल. अनुष्का, प्रतीची, सीमा, महुआ आणि नेहा भसीन. तो ग्रुप थोडी वर्षंच टिकला. त्यानंतर नेहा भसीन चित्रपटांसाठी गात राहिली. २००८ च्या ‘फॅशन’मध्ये तिचा आवाज होता, आणि ‘सुलतान’मधल्या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर मिळालं ते २०१७ मध्ये. ग्रुपपासून तिथवर १५ वर्षं. एकटीनं गाजायला किती वेळ लागतो, याची कल्पना यावी म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला. टीव्हीवरचा झगमगाट संपल्यावर जी वर्षं जातात, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, आणि गायिका घडते ती नेमकी त्या वर्षांत.

आता गळ्याकडे येते, कारण माझा धंदा तो आहे.

कॉलेजच्या सांघिक स्पर्धांमधून गाजलेली एक मुलगी माझ्याकडे शिकायला आली. ग्रुपमध्ये तिच्या वाट्याला गाण्याचा वरचा भाग यायचा, दोन ओळींचा, आणि त्या दोन ओळी ती अशा काही घ्यायची की सभागृह उठून टाळ्या वाजवायचं. मी म्हटलं, एक अख्खं गाणं गाऊन दाखव. मुखडा छान झाला. पहिल्या अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीला तिचे खांदे वर आले, श्वास गळ्यात अडकला, आणि तिनं डावीकडे पाहिलं. डावीकडे तिची जोडीदार उभी असायची! ओळ तिच्या हातात द्यायची आणि आपण दम घ्यायचा, ही शरीराला लागलेली सवय.

यात त्या मुलीचा दोष नाही. चांगल्या समूहगानाची शिस्तच ती असते. आळीपाळीनं श्वास घ्यायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला स्वर कुठं तुटल्याचं कळत नाही. आपला आवाज शेजारणीच्या आवाजात मिसळेल इतकाच काढायचा. व्यंजनं जरा बोथट ठेवायची, नाहीतर पाचजणींचे पाच ‘त’ वेगवेगळे ऐकू येतात. हे सगळं ती मन लावून शिकली होती. एकटीनं गाताना यातलं निम्मं उलटं करावं लागतं. श्वास कुठं घ्यायचा ते आपण ठरवायचं आणि तो गाण्याच्या अर्थात बसवायचा. शब्दाला धार हवी. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, वरच्या पट्टीतल्या त्या दोन ओळी येईपर्यंत काय करायचं? खालच्या पट्टीत, हळू, कुणी टाळी वाजवणार नाही अशा जागी ऐकणाऱ्याला धरून ठेवायचं. तिला मी बरेच दिवस गाऊच दिलं नाही. शब्द नुसते वाचायचे, पेन्सिलीनं श्वासाच्या खुणा करायच्या, मग माइकशिवाय मंद्रात म्हणायचं. ती चिडली, रडली. पण आली रोज.

आपल्या पुण्याला हे नवं नाही. १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण प्रसारित झालं, तेव्हा ५६ गाण्यांना वेगवेगळ्या गायक-गायिकांचे आवाज होते. नंतर बाबूजींनी, सुधीर फडक्यांनी, ते सगळं रंगमंचावर एकट्यानं गायलं. रामही तेच, सीताही तेच. मूळ आवाज उत्तमच होते, पण प्रत्येक पात्राचा भाव एका गळ्यातून वेगळा काढायचा, तर शब्दावर केवढी हुकूमत लागते! मुलींनो, दोन्ही रूपं ऐका, शेजारी-शेजारी ठेवून ऐका.

कमिलाचंही एका दिवसात झालं नाही. ग्रुपमध्ये असतानाच तिनं बाहेरच्या गायकांबरोबर गाणी केली होती, २०१५ मध्ये एक, २०१६ मध्ये एक. बाहेर पडल्यावर मे २०१७ मध्ये तिचं पहिलं एकटीचं गाणं आलं. मोठमोठे गीतकार-संगीतकार होते, पण मला विचाराल तर त्यात ती सापडत नाही. गाणं बेतानंच चाललं, आणि जानेवारी २०१८ मध्ये तिचा अल्बम आला तेव्हा त्यात ते घेतलंच नव्हतं. ‘हवाना’ मात्र होतं. क्यूबातल्या ज्या शहरात ती जन्मली, त्याचं नाव, त्या वळणाचा पियानो, आणि आवाज कुठेही न ताणता, जवळजवळ बोलल्यासारखा. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पहिलं गाणं बाजूला ठेवायचं धैर्य मला त्या पहिल्या क्रमांकापेक्षाही मोठं वाटतं. गाजलेल्या ग्रुपमधून आलेल्या मुलीवर केवढं दडपण असेल, विचार करा.

मागं राहिलेल्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे आणि तो मला टोचतो. चौघींनी मार्च २०१८ मध्ये ग्रुप थांबवल्याचं जाहीर केलं. त्यांतल्या नॉर्मानीचा पहिला अल्बम यायला जून २०२४ उजाडलं. नाच असा की डोळे ठरत नाहीत, गळाही गोड, तरी सहा वर्षं. एकीच्या जाण्यानं बाकीच्यांचं नुकसान होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते नुकसान कुणी आधीच ठरवून ठेवलं होतं का, हे कागद उघडल्याशिवाय कळत नाही. टीएलसी या तीन मुलींच्या ग्रुपनं १९९५ मध्ये, रेकॉर्ड धडाधड खपत असताना, दिवाळखोरीचा अर्ज केला होता. पैसा येत होता, त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

याच्या उलट ब्लॅकपिंक हा दक्षिण कोरियातला चार मुलींचा ग्रुप बघा. तिथं २००९ पासून कलावंत आणि कंपन्यांसाठी सरकारच्या व्यापार आयोगाचा नमुना करार आहे, त्यात मुदतीला सात वर्षांची मर्यादा. २०१६ मध्ये आलेल्या या चौघींची मुदत संपली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी ग्रुपपुरता करार जुन्या कंपनीशी पुन्हा केला. स्वतःच्या गाण्यांसाठी प्रत्येकीनं आपापली वेगळी वाट धरली. जेनी आणि लिसा यांनी तर स्वतःच्या कंपन्या काढल्या. २०२४ मध्ये त्यांतल्या रोझेचं अमेरिकन गायक ब्रूनो मार्सबरोबरचं गाणं जगभर गाजलं, आणि २०२५ मध्ये चौघी पुन्हा एका मंचावर दौऱ्यावर होत्या. कुणी कुणाला सोडलं, हा प्रश्नच आला नाही, कारण जाण्या-येण्याची वाट कराराच्या मुदतीतच होती. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की मुलीची नियत तपासण्याआधी तिच्या हातातला कागद तपासा.

आता आयांनो, वह्या काढा. मुलगी १८ च्या आत असेल तर तिनं स्वतः केलेला करार आपल्या कायद्यात ग्राह्य नाही. सही तुमची मागतील, म्हणून वाचायची जबाबदारीही तुमची. ग्रुपचं नाव कुणाच्या मालकीचं आहे ते विचारा. मुलीला मंचासाठी नवं नाव दिलं असेल, तर त्या नावाचा ट्रेडमार्क कुणाकडे आहे, तेही. करार संपल्यावर अमुक वर्षं कुठंच गायचं नाही, असं कलम दिसलं तर घाबरून जाऊ नका. भारतीय करार कायद्याचं २७ वं कलम वकिलाला दाखवा, कुणाचा व्यवसायच रोखणारा करार त्यानुसार रद्दबातल ठरतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात गायकालाही कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क आहे, त्याची मुदत ५० वर्षं, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्कही स्पष्ट झालाय. गायकांसाठी ती गोळा करणारी इसाम्रा ही संस्था आहे. पाचजणींत गायलेल्या दोन ओळींनासुद्धा हा हक्क लागू आहे, हे मुलींना कुणी सांगतच नाही.

आणि ग्रुप करतानाच एक कलम घालून घ्या, की ग्रुपमध्ये असताना प्रत्येकीला वर्षाकाठी निदान एक गाणं स्वतःच्या नावावर करता येईल. कंपनी नाही म्हणेल. पाचही जणींनी मिळून मागितलं तर तिला ऐकावं लागेल, आणि तशी मागायची संधी सही व्हायच्या आधीच असते, नंतर नाही.

प्रश्न घेते. मुलींचे आधी.