कितव्या हजारातली प्रत?

[दृश्य: सिडनीतलं जुन्या पुस्तकांचं दुकान. टेबलावर कोपरे झिजलेलं, कापडी बांधणीचं पुस्तक.]

'द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर अँड अदर व्हर्सेस' हा ऑस्ट्रेलियन कवितासंग्रह असा दुकानात हाती लागला, की जाणकार गिऱ्हाईक कविता नंतर वाचतं. आधी शीर्षकाचं पान. तिथे १८९५ असेल, तर खिसा चाचपायचा. पुढचं साल आणि त्यासोबत 'अमुकावा हजार', म्हणजे प्रत कितव्या हजारातली, अशी ओळ असेल, तर ती नंतरची छपाई.

ही ओळ म्हणजे प्रकाशकाची ऐटच. अँगस अँड रॉबर्टसन हे सिडनीचं प्रकाशनगृह. डेव्हिड अँगसनं १८८४ मध्ये तिथे छोटं पुस्तकांचं दुकान टाकलं, १८८६ मध्ये जॉर्ज रॉबर्टसन भागीदार झाला. वापरलेली पुस्तकं विकणारे हे दोघे पुढे प्रकाशक झाले, आणि ऑक्टोबर १८९५ मध्ये त्यांनी हा संग्रह काढला. पहिली आवृत्ती आठवड्याभरात संपली. काही महिन्यांत ७,००० प्रती गेल्या. ऑस्ट्रेलिया तेव्हा एक देशही नव्हता. सहा ब्रिटिश वसाहती, मिळून वस्ती ३५ लाखांच्या आसपास. त्यात कवितेच्या पुस्तकाचा हा खप!

[दृश्य: 'द बुलेटिन' साप्ताहिकाचे जुने अंक.]

कवी कोण, हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. 'द बुलेटिन'मध्ये कविता यायच्या त्या 'द बॅन्जो' या नावानं, आणि हे नाव होतं एका घोड्याचं. पुस्तक आलं तेव्हा कळलं, की हे अँड्र्यू बार्टन पॅटरसन, सिडनीतले वकील. कुरणं, मेंढ्या आणि घोडेस्वारांची गाणी लिहिणारा माणूस दिवसभर कज्जेदलालीच्या कागदांत बसलेला असे.

खरं तर त्या कागदांनीच त्याला एक कविता दिली. ऑफिसातून त्यानं 'ओव्हरफ्लो' नावाच्या मेंढपाळीच्या ठाण्यावर क्लॅन्सी नावाच्या माणसाला पत्र धाडलं. उत्तर आलं ते डांबरात बुडवलेल्या अंगठ्याच्या नखानं लिहिल्यासारखं: क्लॅन्सी क्वीन्सलंडला गुरं हाकायला गेलाय, कुठे आहे ठाऊक नाही. पॅटरसनला त्या माणसाचा हेवा वाटला. १८८९ मध्ये कविता छापून आली.

क्लॅन्सी पुन्हा भेटतो तो शीर्षककवितेत. हजार पौंडांचं शिंगरू पळून रानटी घोड्यांच्या कळपात मिसळतं. नामांकित स्वार जमतात. त्यांत एक पोरगा, किरकोळ तट्टावर बसलेला. म्हातारा हॅरिसन त्याला मागे राहायला सांगतो, क्लॅन्सी त्याची बाजू घेतो. कळप डोंगरकडा उतरतो, तसे बाकीचे थबकतात. पोरगा मात्र त्या उतारावर घोडा घालतो आणि एकटा सगळा कळप वळवून आणतो. मोठ्यानं वाचा, टापांची लय आपोआप जिभेवर येते.

[दृश्य: स्नोई पर्वतरांग. बर्फ उतरलेले उतार.]

या डोंगरांचा मोनारोकडचा भाग नगारिगो या आदिवासी लोकांचा. कवितेत ते कुठेच नाहीत. वसाहतीच्या साहित्यातली ही रिकामी जागा पुस्तक हातात असताना विसरता येत नाही, निदान मला तरी नाही.

बुशचं, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रानाकुरणांच्या मुलखाचं, हे चित्र फारच गोड आहे, असं दुसरा कवी हेन्री लॉसन तेव्हाच म्हणत होता. १८९२ मध्ये दोघांची 'बुलेटिन'मध्ये पद्यातून जुंपली. पॅटरसननं पुढे मिश्कीलपणे कबूल केलं, की भांडण ठरवून केलेलं होतं. मानधन ओळींवर मिळायचं ना! त्याचं एक उत्तर याच संग्रहात आहे.

आपल्याकडचा धागा घोड्यांचाच. न्यू साउथ वेल्सचे 'वेलर' घोडे हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला पुरवले जात. पहिल्या महायुद्धात पॅटरसन पशुवैद्य म्हणून घोड्यांसोबत बोटीनं आफ्रिका, चीन आणि इजिप्तला जाऊन आला. 'जीबंग पोलो क्लब' ही या पुस्तकातली धमाल कविता ज्या खेळावर आहे, तो इंग्रजांनी मणिपुरी लोकांकडून उचललेला.

[दृश्य: अनुक्रमणिकेवरून फिरणारं बोट.]

नवखं गिऱ्हाईक इथे हटकून एकच गाणं शोधतं: ऑस्ट्रेलियाचं गाजलेलं 'वॉल्ट्झिंग माटिल्डा'. तेही पॅटरसनचंच, तेही १८९५ चंच, क्वीन्सलंडमध्ये लिहिलेलं. पण या पुस्तकात ते नाही. पुस्तकातच हवं असेल, तर त्याचा १९१७ चा संग्रह शोधावा लागेल.