एनियाला टाका, पायसला घ्या

(पडद्यावर: इटलीतला तोस्काना प्रांत. टेकडीवरचं गाव, खाली धुकं.)

सिएनाच्या दक्षिणेला, ओर्चा खोऱ्याच्या वर ही टेकडी. १४०५ मध्ये इथं कोर्सिन्यानो नावाचं खेडं होतं, आणि खेड्यात पिकोलोमिनींचं घर. नाव मोठं, पण सिएनातली सत्ता केव्हाच गेलेली. हाताशी थोडी शेती आणि पदरी अठरा मुलं. त्यातलाच एक एनिया सिल्व्हिओ.

पोरगा लॅटिनमध्ये तरबेज निघाला. इटलीत तेव्हा जुन्या ग्रीक-रोमन ग्रंथांचं वेड होतं. रोमन वक्ता सिसेरो याच्या वळणाचं लॅटिन लिहिणाऱ्याला चिटणिशी कुठंही मिळे. बाझलच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेला एनिया एका कार्डिनलचा, म्हणजे पोपखालच्या वरिष्ठ धर्मगुरूचा, चिटणीस म्हणून गेला, मग दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. परिषदेनं गादीवरच्या पोपविरुद्ध स्वतःचा पोप उभा केला, तेव्हा त्या पोपचीही पत्रं यानंच लिहिली.

(पडद्यावर: हिवाळी समुद्र.)

१४३५. गुप्त कामगिरीवर स्कॉटलंडला जाताना वादळानं गाठलं. एनियानं नवस बोलला: जमिनीला लागलो, तर मेरीमातेच्या जवळच्या देवळापर्यंत अनवाणी चालत जाईन. जवळचं देऊळ व्हाइटकर्कला निघालं, तेही काही मैलांवर, आणि जमीन गोठलेली. नवस फिटला, पायांचं दुखणं जन्माचं मागं लागलं. त्याही अवस्थेत गड्याची नजर शाबूत होती. चर्चच्या दारात भिकाऱ्यांना दगड वाटतात आणि ते खुशीत घेऊन जातात, हे त्यानं टिपून ठेवलं. तो दगडी कोळसा होता.

१४४२ मध्ये जर्मनीचा राजा, पुढचा सम्राट फ्रेडरिक यानं फ्रँकफुर्टला त्याला राजकवी केलं. दोनच वर्षांनी त्यानं एक प्रेमकथा लिहिली. सिएनातली विवाहित ल्युक्रेशिया आणि सम्राट सिगिसमुंडच्या ताफ्यातला यूरियालस. हमालाच्या वेषात धान्य वाहत हा बहाद्दर तिच्या घरात शिरतो, आणि पुढचं वर्णन लेखकानं हात न आखडता केलं आहे. पाद्री होणं तो चाळिशीपर्यंत टाळत राहिला. ब्रह्मचर्याची धास्ती वाटते, असं त्यानं मित्राला सरळ लिहून टाकलं होतं.

मग वारं फिरलं, की त्यानं ओळखलं? बाझलची बाजू सोडून तो रोमला शरण आला. १४४७ मध्ये बिशप, १४५६ मध्ये कार्डिनल.

आणि ऑगस्ट १४५८. नवा पोप निवडायला अठरा कार्डिनल बंद दाराआड, बारा मतं हवीत. रूआँचे श्रीमंत कार्डिनल शौचकुपात बैठका घेऊन मतं बांधताहेत. जागा मोक्याची, तिथं कोण ऐकायला येणार! मतमोजणीत एनियाला नऊ मिळाली. सगळे गप्प. मग तरुण रोद्रिगो बोर्जा उठला: माझं मत सिएनाच्या कार्डिनलला, म्हणजे एनियाला. आणखी एक उठला. बारावं मत द्यायला प्रोस्पेरो कोलोना उभा राहिला, तशी दोघांनी दोन बाजूंनी त्याचे दंड धरून त्याला बाहेर ओढायला सुरुवात केली. ओढाओढीतच त्यानं ओरडून मत दिलं आणि एनिया पोप ठरला. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण निवडून आलेल्यानंच ते लिहून ठेवलं.

इथून पुढं त्यांना ‘ते’ म्हणायला हवं. नाव घेतलं पायस, पायस दुसरे. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यातला नायक ‘पायस’ ईनियस, म्हणजे धर्मशील ईनियस; आणि एनिया हे ईनियसचंच इटालियन रूप. गादीवर बसतानाही कवीनं श्लेष सोडला नाही.

(पडद्यावर: पिएन्झाचा चौक, कॅथीड्रल.)

जन्मगावाचा त्यांनी कायापालट केला; कोर्सिन्यानोचं झालं पिएन्झा. वास्तुकार बेर्नार्दो रोसेलिनोनं ५० हजार ड्युकाटांच्या, म्हणजे सोन्याच्या नाण्यांच्या, वर खर्च केला, अंदाजाच्या कैक पट. चुगल्या झाल्या. पोपनी त्याला बोलावलं आणि म्हणाले, खर्चाबद्दल खोटं बोललास ते बरं केलंस; खरं सांगतास, तर हे उभंच राहिलं नसतं. वर १०० ड्युकाट आणि किरमिजी झगा.

पण जुनं लिखाण पाठ सोडेना. १४६३ मध्ये त्यांनी फर्मान काढलं: एनियाला टाका, पायसला घ्या. बाझलमध्ये लिहिलेलं विसरा, म्हाताऱ्यावर विश्वास ठेवा, पोरावर नको.

पुढच्याच वर्षी तुर्कांविरुद्धच्या धर्मयुद्धासाठी ते तापानं फणफणलेले, पालखीतून आंकोना बंदरावर पोचले. व्हेनिसचं आरमार आलं तेव्हा ते अंथरुणावर होते. काहीच दिवसांत, ऑगस्ट १४६४ मध्ये ते गेले. धर्मयुद्ध तिथंच संपलं.

(पडद्यावर: छापील पानाचा जवळून फोटो.)

आता थोडं मागं जाऊ. १४५४, फ्रँकफुर्ट. एनियानं तिथं छापील बायबलचे सुटे फर्मे पाहिले आणि एका कार्डिनलला कळवलं: अक्षर इतकं स्वच्छ, की चष्म्याशिवाय वाचता येईल. या यंत्रातून निघालेलं परत घेता येत नाही, हे तेव्हा कुणाला सुचणार? ती प्रेमकथा पुढं पुन्हा पुन्हा छापली गेली, युरोपभरच्या भाषांत गेली. पोप झाल्यावर लिहिलेलं आत्मचरित्र मात्र छापायला १५८४ उजाडलं. तेही काटछाट करून, आणि लेखक म्हणून नाव कुणाचं? नक्कल करणाऱ्या लेखनिकाचं.