सात बावन्नची लोकल असते, सात बावन्नची बस नसते

नमस्कार, श्रोतेहो.

ठाण्यात लोकल मिनिटावरून ओळखली जाते. 'माझी सात बावन्न', 'तिची आठ सोळा चुकली' असं आपण सहज बोलतो. बसची ओळख मात्र नंबरावरून. घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या किंवा वाघबीळच्या थांब्यावर उभा असलेला माणूस 'माझी सात बावन्नची बस' असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, 'येईल.' या 'येईल'मध्ये पाच मिनिटंही असतात आणि पस्तीसही. लोक बस सोडून स्कूटर का घेतात, हे समजून घ्यायचं तर आधी या 'येईल'चा हिशेब मांडायला हवा.

समजा, एका मार्गावर तासाला चार बस आहेत. दर पंधरा मिनिटांनी एक आली, तर थांब्यावर सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागतं. आता याच चार बस जोडीनं आल्या असं धरू. एक आली, दोन मिनिटांनी दुसरी, मग अठ्ठावीस मिनिटं काहीच नाही, नंतर पुन्हा जोडी. वहीत फेऱ्या तासाला चारच भरतात, पण सरासरी थांबणं तेरा मिनिटांवर जातं. कारण उघड आहे. थांब्यावर येणाऱ्या शंभर माणसांपैकी त्र्याण्णव जण त्या अठ्ठावीस मिनिटांच्या खिंडारातच येतात. ती सगळी पहिल्या बसमध्ये कोंबली जातात आणि मागची बस रिकामी धावते. संध्याकाळी दोन्ही बसची तिकिटं मोजली की कागदावर दिसतं, 'बस सरासरी अर्ध्या भरल्या.' प्रवाशाला विचारा, तो सांगेल, पाय ठेवायला जागा नव्हती. दोघंही खरंच बोलतात.

बस जोडीनं का येतात? चालक गप्पा मारत थांबतात म्हणून, असं थांब्यावर नेहमी ऐकू येतं. पण सगळे चालक अगदी शिस्तीत चालले, तरी हे होतंच. गर्दीच्या थांब्यावर मिनिटाला तीन माणसं येतात आणि एकाला चढायला तीन सेकंद लागतात असं धरा. दहा मिनिटांनी बस आली, तर तीस माणसं, म्हणजे नव्वद सेकंद. तीच बस कापूरबावडीच्या सिग्नलला अडकून चार मिनिटं उशिरा आली, तर थांब्यावर बेचाळीस माणसं साचलेली असतात. त्यांना चढायला एकशे सव्वीस सेकंद लागतात. म्हणजे उशिरात छत्तीस सेकंदांची भर. पुढच्या थांब्यावर आणखी माणसं, आणखी भर. असे पाच थांबे झाले की चार मिनिटांचा उशीर आठ मिनिटांवर जातो. मागच्या बसला याच्या उलट घडतं. तिच्या वाटणीची माणसं पुढचीनं उचललेली असतात, त्यामुळे ती थांब्यावरून चटकन सुटते आणि पुढचीला गाठते. एकदा जोडी जमली की ती आपोआप सुटत नाही. कुणीतरी ती सोडवावी लागते.

सोडवायची कशी, हे वाहतूक नियंत्रकांना ठाऊक असतं. मागच्या बसला मधल्या एखाद्या थांब्यावर तीन-चार मिनिटं रोखून धरायचं. किंवा पुढच्या बसला शेवटपर्यंत न पाठवता अलीकडूनच वळवून उलट दिशेला लावायचं. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला सॅटिसवरून, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या उंच पुलावरून, बस सोडताना वेळापत्रकातली वेळ न पाहता आधीची बस किती मिनिटांपूर्वी सुटली ते पाहून सोडायचं. बसमध्ये जीपीएस असेल, तर ती कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. पण नुसतं दिसून काय उपयोग? 'थांब', 'निघ', 'इथूनच वळ' असं सांगणारा माणूस हवा आणि त्याचं ऐकलं जायला हवं. भाडेतत्त्वावरच्या बसचे पैसे बहुतेक किलोमीटरवर मोजले जातात. जोडीनं धावलेली बसही किलोमीटर भरतेच. करारात दोन बसमधल्या वेळेला किंमत नसेल, तर तो वेळ सांभाळण्यात कोणाला रस असणार?

आता बस किती लागतात ते पाहू. ठाणे स्टेशन ते कासारवडवली हे अंतर साधारण बारा किलोमीटर. जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास आणि दोन्ही टोकांना आठ-आठ मिनिटं विसावा. एक फेरा एकशे सोळा मिनिटांचा झाला. दर बारा मिनिटांनी बस हवी असेल, तर दहा बस पुरतात. मग रस्त्यावर कोंडी वाढते आणि पन्नासची सत्तर मिनिटं होतात. फेरा एकशे छप्पन्न मिनिटांचा होतो. बारा मिनिटं टिकवायची, तर आता तेरा बस लागतील. दहाच असतील, तर दोन बसमधला वेळ साडेपंधरा मिनिटांवर जातो. त्यातल्या दोन बस डेपोतून निघाल्याच नाहीत, एकीचं काम निघालं आणि दुसरीला चालक नाही, तर साडेएकोणीस मिनिटं. लक्षात घ्या, यात एकही फेरी कुणी जाणूनबुजून रद्द केलेली नाही. तीन बस नुसत्या कोंडीनं गिळल्या.

विसाव्याची ती आठ मिनिटं चहासाठी असतात असा समज आहे. चहाही होतो, पण ती मुख्यतः मागचा उशीर पुढच्या फेरीत जाऊ नये म्हणून ठेवलेली असतात. कोंडी वाढली की आधी हाच विसावा खाल्ला जातो. मग सकाळी साडेआठचा उशीर दुपारी बारापर्यंत त्या बसच्या मानगुटीवर बसून राहतो. चालक-वाहकाची ड्यूटी आठ तासांची असते. फेरे लांबले की शेवटची फेरी ड्यूटीत बसत नाही आणि बस अर्ध्या वाटेवरून 'डेपो'ची पाटी लावून निघून जाते. रात्री नऊनंतर थांब्यावर एकट्या उभ्या असलेल्या बाईला ती पाटी काय सांगते, ते वेगळं समजावायला नको. सीएनजी बसची गत आणखी निराळी. पंपावर दाब कमी असला की टाकी पूर्ण भरत नाही आणि बसला दिवसात पुन्हा रांग लावावी लागते. विजेच्या बसला उन्हाळ्यात एसीचा भार पडतो. एका चार्जिंगमध्ये जितकं धावणं अपेक्षित होतं तितकं होत नाही आणि दुपारी चार्जिंगसाठी उभं राहणं वाढतं.

घोडबंदर रोडची अडचण मुळातच अवघड आहे. हा शहरातला रस्ता आहे आणि न्हावा-शेवा बंदराकडून गुजरातच्या दिशेनं जाणाऱ्या अवजड वाहनांचाही हाच रस्ता आहे. गायमुखच्या घाटात एक कंटेनर बंद पडला, तर त्याचा त्रास पातलीपाड्याच्या थांब्यावर उभ्या माणसाला होतो. त्यात मेट्रो ४ च्या कामासाठी कित्येक वर्षं रस्त्याच्या मधोमध पत्रे लागले. बसची जागा डावीकडे, तिथे रिक्षा उभ्या. मग बस दुसऱ्या लेनमध्ये थांबते, प्रवासी रस्त्यावर उतरून चढतात आणि मागची सगळी वाहतूक खोळंबते.

आता एक पूर्ण प्रवास घेऊ. कासारवडवलीहून महापे एमआयडीसी. घर ते थांबा सात मिनिटं. बसची वाट पाच ते पंचवीस. बसमध्ये पंचेचाळीस ते पंच्याहत्तर. सॅटिसवरून जिना उतरून, पुलावरच्या गर्दीतून ट्रान्स हार्बरचा, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलचा, नऊ किंवा दहा नंबर फलाट गाठायला आठ ते दहा. लोकलची वाट दोन ते बारा. घणसोलीपर्यंत साधारण अठरा. तिथून कंपनीच्या गेटपर्यंत शेअर रिक्षानं, रांगेसकट, दहा ते वीस. बेरीज करा. चांगल्या दिवशी पंच्याण्णव मिनिटं, वाईट दिवशी एकशे सदुसष्ट. फरक बहात्तर मिनिटांचा. त्यात लोकलचा वाटा किती? वाट पाहण्याची दहा मिनिटं, प्रवासाची शून्य. बाकी सगळं रस्त्यावर सांडलं आहे.

साडेनऊला गेटवर कार्ड पंच करायचं असेल, तर माणूस पंच्याण्णव मिनिटं धरून निघत नाही. सरासरी धरूनही निघत नाही. महिन्यातून दोन लेटमार्क चालतात, तिसऱ्याला अर्ध्या दिवसाचा पगार कापतात अशी ठिकाणं पुष्कळ आहेत. म्हणून तो सगळ्यात वाईट दिवस धरून निघतो. त्यामुळे बस वेळेवर आली, त्या दिवशीही त्याचा तासभर गेलेलाच असतो. फक्त तो तास कंपनीच्या गेटबाहेर टपरीवर जातो. उलट स्कूटर घ्या. माजिवडा, कोपरी, ऐरोली पूल, ठाणे-बेलापूर रोड. कोंडीत तीही अडकते, पण सत्तरची फार तर पंच्याण्णव मिनिटं होतात. शिवाय अडकलेला माणूस हलत असतो, आणि नाहीच हलला तर कळव्यावरून जातो. मात्र पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की तो रस्ताही बंद. वाहतुकीचा हिशेब करणारे थांब्यावरचं एक मिनिट गाडीतल्या दोन मिनिटांइतकं जड मानतात. ऑगस्टमध्ये छत नसलेल्या थांब्यावर उभं राहिलं की हा आकडाही कमी वाटतो.

पैशाचं गणितही पाहून घेऊ. वरच्या प्रवासाचं जाऊन-येऊन अंतर सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटर. स्कूटर लिटरला पंचेचाळीस देत असेल, तर पेट्रोल लिटरभरापेक्षा जरा जास्त, म्हणजे दिवसाला एकशे दहा रुपयांच्या आसपास. आता रिक्षा. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर क्षेत्रात मीटर पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपयांपासून सुरू होतो आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. शेअर रिक्षा मिळाली नाही आणि स्टेशनपासून तीन किलोमीटर मीटरनं गेलात, तर ५१ ते ५२ रुपये. येताना तेवढेच. म्हणजे नुसत्या शेवटच्या तीन किलोमीटरच्या रिक्षेत स्कूटरचं जवळजवळ दिवसभराचं पेट्रोल निघतं. लोकलचा पास कितीही स्वस्त असला, तरी त्यानं हा खड्डा भरत नाही. चारचाकीवाल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोलीसह मुंबईच्या पाचही नाक्यांवरचा टोल माफ झाला. त्याआधी मोटारीला एका खेपेला ४५ रुपये पडत होते. रस्त्यावरची गाडी स्वस्त झाली, थांब्यावरची बस होती तशीच राहिली.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. गाडीचा निर्णय रोज घेतला जात नाही, तो एकदाच होतो. जून-जुलैमध्ये दोन महिने हाल झाले की दसऱ्याला गाडी दारात येते. हप्ते तीन वर्षं, पाच वर्षं चालतात. त्यानंतर बस सुधारली, तरी त्या घराला बसची तुलना फक्त पेट्रोलशीच करायची असते. हप्ता आणि विमा कुठे जात नाहीत. म्हणून बिघडलेली सेवा वर्षभरानं सुधारली, तरी गेलेला प्रवासी वर्षभरानं परत येत नाही. मधल्या काळात त्याच्या गाडीनं बसच्या पन्नासची सत्तर मिनिटं करायला हातभार लावलेला असतो. बारा मीटरची एक बस रस्त्यावर तीनेक मोटारींची जागा घेते आणि साठ माणसं नेते. मोटारीत दीड माणूस धरला, तर त्याच साठांना चाळीस मोटारी लागतात.

नवी मुंबईत हेच जरा वेगळं दिसतं. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, अकरा किलोमीटर, अकरा स्थानकं. तिला स्वतःचा रूळ आहे, मध्ये रिक्षा येत नाही, त्यामुळे दोन गाड्यांमधला वेळ पाळणं तिला सोपं जातं. ट्रान्स हार्बरचंही तसंच, फक्त एक गाडी रद्द झाली की दहाची वीस मिनिटं होतात आणि रविवारी ब्लॉक असतो. एमआयडीसीत आणि आयटी पार्कात रविवारी पाळीला येणारे हजारो लोक आहेत, हे ब्लॉकच्या दिवशी बस सोडताना आठवलं तर बरं. गाडं अडतं ते स्टेशनबाहेर. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत कारखान्यांची गेटं ठाणे-बेलापूर रोडच्या पूर्वेला आत पसरली आहेत, आणि लोकल सुटली-आली याच्याशी तिथल्या बसची वेळ जुळवलेली नसते.

श्रोतेहो, गाडीसाठी कर्ज काढण्याआधी एक साधी वही करा. कामाचे पंधरा दिवस. रोज तीनच वेळा लिहा: थांब्यावर कधी पोहोचलात, बस कधी आली, कामावर कधी पोहोचलात. मग सगळ्यात वाईट दिवस सोडून त्याच्या खालोखालचा वाईट दिवस घ्या. तो तुमचा खरा प्रवासवेळ. पुष्कळांच्या वहीत असं निघतं की वीस मिनिटं आधी निघालं तर कोंडी लागायच्या आत माजिवडा ओलांडता येतं आणि तासाचा फरक वीस मिनिटांवर येतो. काहींच्या वहीत तसं निघत नाही. त्यांनी गाडी घेतली, तर त्यांना बोल लावता येणार नाही. आणखी एक: बराच वेळ वाट पाहिल्यावर खच्चून भरलेली बस आली, तर दोन मिनिटं थांबून पाहा. तिच्या मागेच तिची रिकामी जोडीदारीण असण्याची शक्यता मोठी असते.

तक्रार करायची तर 'बस वेळेवर येत नाही' एवढंच लिहू नका. त्याला उत्तर एकच येतं, 'नोंद घेतली आहे.' मार्ग क्रमांक, बसचा पाटीवरचा नोंदणी क्रमांक, थांबा, दिशा, तारीख आणि मिनिटासह वेळ लिहा. सोसायटीतल्या दहा जणांनी एकाच आठवड्यात लिहिलं, तर ती माहिती होते. पुढची पायरी माहितीच्या अधिकाराची. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. विषय असा ठेवा: अमुक मार्ग, अमुक महिना, ठरलेल्या फेऱ्या किती, झालेल्या किती, रद्द झालेल्यांची कारणं काय आणि सकाळी आठ ते दहा या वेळेत पहिल्या थांब्यावरून प्रत्येक बस प्रत्यक्षात किती वाजता सुटली. किती किलोमीटर धावल्या ते विचारू नका, तो आकडा नेहमीच चांगला असतो. सुटण्याच्या वेळा मागा आणि त्या एकाखाली एक लिहून त्यांची वजाबाकी करा.

नमस्कार.