वासरू किती दिवसांचं?

इंदूरहून महूकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचा हा गोठा. वासराच्या शेपटीखाली पिवळट शेण वाळून चिकटलंय, मागचे पाय ओले आहेत. मालक विचारतात, कोणतं औषध द्यायचं? त्याआधी दिवस मोजा.

पहिल्या चार दिवसांतली पाण्यासारखी हगवण बहुधा ई. कोलाय जिवाणूची. पाचव्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत रोटा किंवा कोरोना विषाणूचा संशय धरावा. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. तीन आठवड्यांपुढे शेणात रक्त दिसलं आणि वासरू कुंथत असेल, तर कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले सूक्ष्म परजीवी. म्हशीच्या पारड्याचं शेण मातकट आणि उग्र वासाचं असेल, तर गोल जंत पाहा. ते आईच्या दुधातूनच येतात, त्यामुळे गोठा झाडूनपुसून लख्ख ठेवला तरी होतात. नक्की निदान शेण तपासूनच होतं.

पुष्कळदा चूक पहिल्याच दिवशी झालेली असते. गाईची वार (जार) पडल्याशिवाय चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं दाट दूध, पाजायचा नाही, ही समजूत वासरांच्या जिवावर उठते. आतडं चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं जेमतेम चोवीस तास शोषतं, तेही तासागणिक कमी. २५ किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत अडीच लिटर चीक मिळालाच पाहिजे.

मोठ्या जनावरांचं गणित वेगळं. थंडीत माळव्यात कोवळं, दवानं भिजलेलं बरसीम (हिरवा चारा) पोटभर घातलं की शेण हिरवं, पातळ होतं. गाय मात्र तरतरीत असते. बरसीम सुकवून भुश्शात मिसळा, बस्स. लग्नातल्या उरलेल्या पोळ्या-भात खाल्लेल्या गाईला असं सोडू नका. पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, शेणाला आंबूस वास येतो, गाय दगावूही शकते. आणि दोन वर्षांवरची गाय नीट खाते, ताप नाही, तरी आठवडेच्या आठवडे पातळ हगते, हडकत जाते? जोन्स या आतड्याच्या जिवाणूजन्य रोगाची तपासणी करा, तिला वेगळी बांधा. त्यावर इलाज नाही.

आता पुन्हा वासराकडे. त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत सपाट झाली नाही, तर अंगातलं पाणी उतरलंय. एक लिटर कोमट पाण्यात ५ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम खाण्याचा सोडा, २५ ग्रॅम ग्लुकोज. असं दोन लिटर, दिवसातून दोनदा. दूध तोडू नका, फक्त दोहोंत दोन तासांचं अंतर ठेवा.

तोंडात बोट घालून पाहा. चोखत नसेल, जीभ गार लागत असेल, तर पाजत बसू नका. पाणी फुप्फुसात जाईल. शिरेतून सलाईन लागेल. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावा, पुढच्या धारेची वाट न पाहता.