25 जुलैला न फेकलेला चेंडू

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे जपानमधल्या एका शाळकरी पोराच्या उजव्या हाताबद्दल.

रोकी सासाकी. इवाते प्रांतातल्या ओफुनातोच्या सरकारी शाळेचा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला चेंडू फेकणारा. 2011च्या त्सुनामीत वडील आणि आजी-आजोबा गेलेले. एप्रिल 2019मध्ये, सतराव्या वर्षी, राष्ट्रीय शिबिरात त्याने ताशी 163 किलोमीटर वेगाने चेंडू टाकला. शोएब अख्तरचा विक्रम 161.3चा आहे, आणि तो लांबून धावत येऊन! पिचरला असं धावत येता येत नाही. पंचवीस सेंटिमीटर उंच मातीच्या ढिगावर उभं राहायचं आणि तिथूनच फेकायचं. सगळा वेग पायांतून, कमरेतून वर चढतो आणि शेवटचा हिसका बसतो तो कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटला, म्हणजे हाडं जोडून ठेवणाऱ्या पट्ट्याला. ते फाटलं तर शस्त्रक्रिया, आणि वर्ष-सव्वा वर्ष घरी.

आता 2019च्या त्या जुलैकडे या. जपानमध्ये उन्हाळ्यात कोशिएन मैदानावर राष्ट्रीय शालेय बेसबॉल स्पर्धा असते. प्रांत जिंकला तरच तिकडे जाता येतं. ओफुनातोची शाळा 1984नंतर तिथे पोचलीच नव्हती. 21 जुलैच्या सामन्यात सासाकीने 12 डावांत 194 चेंडू फेकले; एरवी सामना नऊ डावांचा, बरोबरी झाली तरच पुढे. पुन्हा सांगतो, 194! त्यात बाराव्या डावात सामना फिरवणारा होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटकाही त्यानेच मारला. पुढच्या दिवशी उपांत्यपूर्व फेरीला त्याला बसवलं, तरी संघ जिंकला. 24 तारखेला उपांत्य फेरी: 129 चेंडू, प्रतिस्पर्ध्याला एकही धाव नाही.

आणि 25 तारखेला अंतिम सामना. समोर हानामाकी हिगाशी, म्हणजे बेसबॉलचा जगप्रसिद्ध खेळाडू शोहेई ओहतानीची शाळा. गाव लोटलेलं, कॅमेरे लागलेले. प्रशिक्षक योहेई कोकुबोंनी सासाकीला खेळवलंच नाही. चेंडू दिला नाही की बॅट दिली नाही. पोरगा सामनाभर बाकावर. ओफुनातो 12–2 अशी हरली. लोक भडकले, शाळेचा फोन तक्रारींनी खणखणत राहिला.

कोकुबोंचं म्हणणं होतं दुखापतीचा धोका नको. सासाकी फेकूच शकला नसता, असं नाही. अमेरिकेतल्या शालेय पिचरांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 17-18 वर्षांच्या मुलाने दिवसाला 105 पर्यंत चेंडू फेकावेत आणि 81 किंवा जास्त झाले तर चार दिवस विश्रांती. चार दिवस. सासाकीला 129 चेंडूंनंतर एक रात्र मिळणार होती. थकलेल्या हाताचं नेमकं काय बिघडतं? आधी पाय ढिले पडतात, मग कोपर खांद्याच्या रेषेखाली घसरतं, चेंडू उंच जायला लागतो, आणि पोरगा गेलेला वेग नुसत्या हाताच्या जोरावर भरून काढू बघतो. दुखणं नंतर कळतं. कोपर घसरताना दिसलं की त्याच क्षणी पिचर बदलायचा.

जाता जाता सांगतो, शाळेच्या मैदानावर स्पीडगन आणूच नये. मुलगा फलंदाजाकडे न बघता आकड्याकडे बघून फेकतो. आणि आपल्याकडचे क्रिकेटचे पालक ऐकत असतील तर त्यांनाही: तुमचा वेगवान गोलंदाज सकाळी शाळेसाठी, दुपारी क्लबसाठी, संध्याकाळी नेटमध्ये टाकतो, तर ते सगळे चेंडू एकाच वहीत मांडा. तिन्ही ठिकाणचे प्रशिक्षक आपापलेच मोजतात. बेरीज कुणीच करत नाही.

असो. जपानच्या शालेय बेसबॉलमध्ये 2020पासून आठवड्याला 500 चेंडूंची मर्यादा आली. माझ्या मते ती अजूनही फार सैल आहे. ऑक्टोबर 2019च्या निवडीत चार व्यावसायिक संघांनी सासाकीला पहिली पसंती दिली, चिठ्ठी लोत्ते संघाची निघाली. त्यांनी 2020मध्ये त्याला एकाही सामन्यात उतरवलं नाही; वर्षभर फक्त शरीर घडवलं. एवढं जपूनही पुढे 2025मध्ये अमेरिकेत डॉजर्स संघाकडून खेळताना त्याचा खांदा दुखावलाच. असा वेग हाताला महागच पडतो.

10 एप्रिल 2022. सासाकी वीस वर्षांचा. 105 चेंडू, 27 फलंदाज, 19 स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद, एकही जण पहिल्या बेसवर पोचला नाही. जपानमध्ये इतक्या लहान वयात असा परफेक्ट गेम कुणी टाकला नव्हता. सात दिवसांनी पुन्हा तेच: आठ डाव, 24 फलंदाज, सगळे बाद. आणखी एक डाव, की सलग दुसरा परफेक्ट गेम! चेंडू झाले होते 102. लोत्तेने त्याला बसवलं. दहाव्या डावात लोत्ते 1–0ने हरली.