तेल गळालं, पण गिअरबॉक्स गेला का?

मित्रहो, ऑटोमॅटिक गाडी टो होऊन गॅरेजच्या दारात आली आणि खाली लालसर तेल ठिबकताना दिसलं, की दोन निकाल लगेच लागतात. एक जण म्हणतो, "गिअरबॉक्स गेला, नवीन बसवा." दुसरा म्हणतो, "काही नाही झालेलं, तेल टाका आणि जा." आज मला इथे कळकळीने सांगायचंय ते हे, की पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं ताट, उघडायच्या आधी यातला कुठलाच निकाल द्यायचा कुणाला अधिकार नाही. पहिल्या निकालात मालकाचे लाखभर रुपये विनाकारण जाऊ शकतात आणि दुसऱ्यात गाडी महिन्याभरात पुन्हा रस्त्यावर बंद पडू शकते.

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेल मुख्यतः वंगणाचं काम करतं. ऑटोमॅटिकमध्ये ते ताकद वाहून नेतं. इंजिनची ताकद इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलाच्या प्रवाहातून पलीकडे जाते. पुढे क्लच प्लेटांचे संच आवळले जातात तेही तेलाच्या दाबाने. आणि आतली उष्णता तेल गार करणाऱ्या कूलरपर्यंत नेऊन सोडणारंही तेच तेल. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल मॉडेलमध्ये हायड्रामॅटिक दिला, तेव्हापासून आजपर्यंत हुकूम देण्याचं काम कॉम्प्युटरकडे गेलं, पण क्लच आवळणारं बळ तेलाचंच राहिलं.

आता तेल कमी झालं की काय होतं? उसाच्या रसाचा ग्लास संपत आला की स्ट्रॉ घुरघुरते, तसा पंप तेलाबरोबर हवा ओढायला लागतो. तेलाला फेस येतो, आणि फेस दाबला जातो, त्यामुळे दाब तयार होत नाही. अर्धवट आवळलेल्या प्लेटा एकमेकींवर घसरतात, तापतात, त्यांचं अस्तर जळतं. मालकाला हे आधी वळणावर किंवा चढावर जाणवतं, कारण तिथे पॅनमधलं उरलंसुरलं तेल एका बाजूला सरकतं. इंजिन रेस होतं आणि गाडी उचलत नाही. लिव्हर डी वर टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग एकदम झटका बसतो. ही लक्षणं दिसल्यावर गाडी किती चालवली, यावरच पुढचं सगळं ठरतं.

म्हणून गाडी आली की माझा पहिला प्रश्न तोच असतो. गेल्या पावसाळ्यात दोन गाड्या पाठोपाठ आल्या. दोन्हींत कूलरच्या पाइपाची क्लिप सैल होऊन तेल गळालेलं. एक सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. सकाळी फरशीवर थारोळं दिसलं, मालकाने किल्लीही फिरवली नाही. दुसरी खेड शिवापूरला रेस व्हायला लागली, तरी मालक तशीच कात्रजच्या नव्या बोगद्याचा चढ चढवून नवले पुलापर्यंत घेऊन आले. घर जवळ आलं होतं, मला त्यांची घाई समजते. पण नुकसान झालं ते त्या चढावर.

गाडी आणायची ती फ्लॅटबेडवरच. आतला पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून, ज्या चाकांना इंजिनची ताकद मिळते ती रस्त्यावर फिरवत ओढत आणली, तर आतले भाग वंगणाशिवाय फिरतात. गळतीने वाचलेला गिअरबॉक्स अशा ओढण्यात गेलेला मी पाहिला आहे.

आणि ऑटोमॅटिक म्हणजे नेमकी कुठली, हेही विचारा. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरियोबरोबर एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप हलवणारी यंत्रणा, आली. त्यात गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, तेल गळतं ते बहुधा क्लच दाबणाऱ्या अॅक्चुएटरचं. सीव्हीटीमध्ये, म्हणजे पट्टा-पुलीवर चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये, पट्टा पुलीवर घसरून ओरखडे पडतात. मी आज बोलतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सबद्दल.

तपासणीतली सर्वांत मोठी घाई म्हणजे टॉपअप. नवं तेल ओतलं की जुना पुरावा पुसला जातो. आधी उरलेलं तेल मापाच्या भांड्यात काढा. कन्व्हर्टरमध्ये बरंच तेल अडकून राहतं, त्यामुळे पॅनमधून सगळं निघत नाही. पण पॅनमधून साधारण किती निघायला हवं हे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तिथे चार लिटर लिहिलंय आणि हातात दीड लिटर आलं, तर गाडी कोणत्या अवस्थेत चालली ते कळलं.

मग त्यातला एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. नुसत्या रंगावर जाऊ नका, सगळ्या कंपन्यांचं तेल लाल नसतं आणि वयाने काळपट होणं स्वाभाविक आहे. वास घ्या. जळकट वास लपत नाही. थेंब दुधाळ गुलाबी दिसला तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटून पाणी मिसळलंय, आणि मग नुसतं तेल बदलून भागत नाही, कारण प्लेटांचं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं तो पाण्याने सुटतो.

पॅन खाली आला की तरुण मुलांना मी सांगतो, आता दहा मिनिटं कुणी बोलू नका, नुसतं बघा. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी मऊ चिकटा असतोच. बोटांत चोळला आणि खरखर लागली नाही, तर ती रोजची झीज. खरखर लागली, लोखंडाचे काटे दिसले, तर बेअरिंग किंवा गिअरचे दात. चुंबकाला न चिकटणारे पांढरट चमकते कण अॅल्युमिनियमचे, म्हणजे पंपाची किंवा केसिंगची झीज. पिवळसर कण शाफ्ट ज्यात फिरतो त्या बुशचे. काळे पापुद्रे क्लचच्या अस्तराचे. फिल्टरही कापून बघायचा, पॅनपर्यंत न पोचलेलं बरंच काही त्यात सापडतं.

पार्किंगमधल्या गाडीचा पॅन स्वच्छ होता. नवी क्लिप, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच ग्रेडचं तेल, बास. नवले पुलावरून आलेल्या गाडीच्या पॅनमध्ये काळे पापुद्रे होते, पण धातू जवळजवळ नव्हता. अशा वेळी तेल भरून गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावायचा. पी०७३१ पासूनचे बिघाडाचे कोड गिअरचं प्रमाण जुळत नसल्याचं सांगतात, पण खरी माहिती लाइव्ह डेटात, म्हणजे गाडी चालताना दिसणाऱ्या आकड्यांत, असते. समजा एखाद्या गिअरचं प्रमाण १.४ आहे. ताकद बाहेर नेणारा आउटपुट शाफ्ट मिनिटाला १००० फेऱ्यांवर असेल तर ताकद आत आणणारा इनपुट १४०० वर हवा. १७०० दिसला, तर क्लच घसरतोय. सगळ्याच गिअरमध्ये घसरत असेल तर दाब कमी आहे. मग गेज लावून लाइन प्रेशर, म्हणजे पंपाने तयार केलेला तेलाचा मुख्य दाब, मोजा, पंपाकडे बघा. ठरावीक गिअरमध्येच घसरत असेल तर क्लच शोधा. सहा गिअरच्या अनेक रचनांत चौथा, पाचवा, सहावा हे तिन्ही एका क्लचवर अवलंबून असतात. त्या गाडीत नेमके हेच तीन घसरत होते, पहिले तीन ठणठणीत. अख्खा गिअरबॉक्स बदलायचा सल्ला त्यांना आधीच दुसरीकडे मिळाला होता. आम्ही उघडला, क्लच प्लेटांचा एकच संच जळलेला निघाला.

स्टॉल टेस्टची, म्हणजे ब्रेक दाबून अॅक्सिलरेटर पूर्ण देण्याची, घाई करू नका. कंपनीची परवानगी असेल तरच, पाच सेकंदांच्या आत, आणि आधीच घसरणाऱ्या गाडीवर तर नकोच.

तेलाची पातळी हा विषय साधा वाटतो, पण दुरुस्तीनंतर परत येणाऱ्या गाड्यांत मला हीच चूक सर्वांत जास्त सापडते. नव्या गाड्यांत बहुधा डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, नसते. गाडी सपाट लिफ्टवर, इंजिन चालू, लिव्हर सगळ्या जागांवरून सावकाश फिरवलेला, आणि तेलाचं तापमान कंपनीने सांगितलेलं, अनेक गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या आसपास. मग लेव्हल प्लग उघडून जादा तेल थेंबथेंब येऊ द्यायचं. ८० अंशांवर हे केलं तर फुगलेलं तेल बाहेर पडतं आणि थंड झाल्यावर पातळी कमी भरते. गार तेलावर केलं तर जास्त भरतं, फिरणारे भाग ते घुसळतात आणि फेस येऊन दाब पुन्हा पडतो. तापमान स्कॅनरवर बघा, हाताने अंदाज घेऊ नका.

शेवटचं, आणि मालकांनी हे जरूर विचारावं. जळलेल्या अस्तराचा कचरा कूलरमध्ये आणि त्याच्या पाइपांत जाऊन बसतो. नवा संच बसवला आणि कूलर तसाच ठेवला, तर पहिल्याच फेरीत तो कचरा परत व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाचा दाब क्लचांना वाटणाऱ्या भागात, येतो. कन्व्हर्टरमध्येही तसाच कचरा साठतो. अंदाजपत्रकात कूलर फ्लश किंवा नव्या कूलरची ओळ नसेल, तर गाडी उघडायला देण्याआधीच ती लिहून घ्या.