थंडी खाली उतरते

तापीवरच्या पुलावर पहाटेचे धुके अजून विरलेले नाही. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा सुरू होऊन आठवडा उलटला आहे आणि घोडेबाजारातले खिंकाळणे पुलापर्यंत ऐकू येते. जळगाव, धुळे आणि अमळनेर अशा तीन ठिकाणांहून निघालेले आम्ही सात मित्र आणि आमच्या तीन गाड्या, एक जुनी जिप्सी आणि दोन थार, येथे एकत्र आल्या. पुढचे तीन दिवस आणि दोन रात्री आम्हाला सातपुड्यातल्या कच्च्या वाटांवर गाड्या चालवत काढायच्या आहेत.

शहाद्यापासून तळोद्यापर्यंतचा रस्ता ऊस, केळी आणि पपईच्या मळ्यांतून जातो. सपाट, काळीभोर आणि पाण्याने भिजलेली ही जमीन पाहताना पुढे डोंगर आहे याची कल्पनाही येत नाही; आणि मग तळोदे मागे पडते न पडते तोच उजवीकडे सातपुडा भिंतीसारखा उभा राहतो. नर्मदा आणि तापी या दोन्ही नद्या खचलेल्या दऱ्यांतून पश्चिमेकडे वाहतात आणि त्या दोन खचदऱ्यांच्या मधला उंच राहिलेला पट्टा म्हणजे हा पर्वत. त्यामुळे मैदान आणि डोंगर यांच्यामध्ये टेकड्यांची हळूहळू चढत जाणारी रांग फारशी नाही. चांदसैली घाट सुरू झाला की पहिल्याच वळणांवर कानांत दडे बसल्यासारखे होते.

घाटातून दिसतो तो अस्तंबा, १३२५ मीटर उंचीचा. दिवाळीच्या दिवसांत हजारो भाविक पायी हा डोंगर चढतात. अश्वत्थामा अजूनही या रानात फिरतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असे येथे सांगतात. आमच्याजवळ नकाशे होते, उपग्रहावरून वाट दाखवणारी यंत्रे होती, तरीही त्या शिखराकडे पाहून आमच्यातल्या दोघांनी हात जोडले, आणि मला ते योग्यच वाटले.

या प्रवासाची एक अट आम्ही निघण्यापूर्वीच ठरवली होती. ज्या वाटांवर बैलगाडी, ट्रॅक्टर किंवा गावची जीप रोज चालते, त्याच वाटांवर गाडी घालायची. राखीव जंगलात, अभयारण्यात किंवा वाहत्या ओढ्याच्या पात्रात घालायची नाही. सातपुड्यातली कितीतरी शेते वनहक्काच्या लढ्यानंतर, २००६ च्या कायद्याने, कसणाऱ्यांच्या नावावर झाली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या त्या जमिनीच्या तुकड्यावरून केवळ हौसेखातर चाके फिरवणे आम्हाला मान्य नव्हते. मुक्कामाची जागाही धडगाव ते मोलगी रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका पाड्यावरच्या शेतकऱ्याला आधी भेटून, त्याच्या परवानगीने घेतली होती.

डांबरी रस्ता सोडला तेथे आम्ही थांबलो आणि टायरमधल्या हवेचा दाब बत्तीस पीएसआयवरून वीसपर्यंत उतरवला. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला अधिक चिकटतो आणि दगडावर आपटण्याऐवजी त्याला कवेत घेतो. मग ट्रान्सफर केसचा, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचा, दांडा ओढून गाड्या लो रेंजमध्ये घेतल्या. लो रेंजमध्ये इंजिन तेवढेच फिरते, पण चाके दोन-अडीच पट हळू फिरतात आणि तितकीच जोरकस होतात. उतारावर याचा खरा उपयोग होतो, कारण पहिल्या गिअरमध्ये सोडलेली गाडी इंजिनच्याच ओढीने माणसाच्या चालीने उतरते. सुट्या मुरमावर ब्रेक दाबला तर चाक थांबते पण गाडी थांबत नाही. ती घसरतच जाते, आणि थांबलेली चाके स्टिअरिंगला जुमानत नाहीत. जिप्सी चालवणाऱ्या तरुण मित्राचा हा पहिलाच मोठा उतार होता. अमळनेरचा आमचा सर्वांत अनुभवी सोबती त्याच्यापुढे उलट्या पावलांनी चालत, दोन्ही हातांनी खुणा करत, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता : "ब्रेकले पाय लाऊ नको भाऊ, गिअरवर सोड." जेमतेम चारशे मीटरचा तो उतार उतरायला आम्हाला पाऊण तास लागला. गाडीबाहेर उतरून, पायी चालून, प्रत्येक चाक कोणत्या दगडावर ठेवायचे हे ठरवणे म्हणजेच हा छंद आहे असे मला वाटते. वेगाशी त्याचा संबंध नाही.

खाली ओढ्याच्या काठी एक सुरेख सपाट जागा होती. हिवाळ्यामुळे ओढ्याला बारीक धार होती, पुराची भीती नव्हती, जमीन मऊ होती आणि तंबूचे खुंटे हाताने दाबले तरी आत जात होते. आम्ही तेथेच तंबू ठोकले. जळण मात्र सोबत आणले होते, कारण चुलीसाठी तेथले एकही झाड तोडायचे नव्हते. खानदेशात भरताची वांगी भाजायला कपाशीच्या वाळलेल्या काड्यांसारखे दुसरे जळण नाही. त्यांची आच झटकन चढते, वांग्याची साल करपते आणि आतला गर धुरकट वासासह मऊ होतो. भालोदकडची पांढरट हिरवी, मोठी वांगी, लसूण, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात आणि शेंगदाणे हे सारे लाकडी बडगीत ठेचून, वर कच्च्या तेलाची धार घालून, घरून आणलेल्या कळण्याच्या भाकरीबरोबर आम्ही जेवलो. मार्गशीर्ष वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीपर्यंत उगवणार नव्हता. मृग आणि त्याच्यामागचा व्याध अगदी हाताशी आल्यासारखे दिसत होते.

त्यानंतर थंडी आली. नऊ वाजेपर्यंत ती सोसवत होती, अकरा वाजता आम्ही होते नव्हते ते सारे कपडे अंगावर चढवले, आणि दोनच्या सुमारास कोणालाच झोप लागेना. एका मित्राने निखाऱ्यांची घमेली तंबूत नेण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा दोघांनी त्याला एकाच वेळी अडवले. बंद तंबूत निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साईड डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि झोपेतच माणसाचा जीव जातो. हिवाळ्यात डोंगरात मुक्काम करणाऱ्या प्रत्येकाला ही एक गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे. पहाटे पाच वाजता आमच्या तापमापकात ४ अंश होते. पण तापमापक गाडीच्या आरशाला, छातीच्या उंचीवर टांगलेला होता. मोकळ्या आकाशाखाली जमीन आणि गवत त्याहून कितीतरी अधिक थंड होतात. म्हणूनच उजाडले तेव्हा तंबूच्या कापडावर, गवताच्या पात्यांवर आणि गाड्यांच्या टपांवर दव गोठून पांढरे झाले होते. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात दरवर्षी दव गोठल्याच्या बातम्या आम्ही वाचत आलो होतो. ते पांढरेपण स्वतःच्या बोटांनी खरवडताना मात्र आम्ही सारे काही क्षण गप्प झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाटेने वर चढताना अपघात झाला. चढ सोपा जावा म्हणून मागच्या थारच्या टायरमधली हवा आम्ही आणखी उतरवली होती, आणि ती चूक ठरली. फार कमी हवेत टायरची बाजूची भिंत बाहेर फुगते आणि एरवी टायरच्या जाड तळाला जे लागायचे ते तिला लागते. काळ्या पाषाणाची एक धारदार कड त्या भिंतीत शिरली, हवा क्षणात गेली, गाडी खालच्या अंगाला घसरली आणि तिच्या मागच्या चाकाने शेताचा दगडी बांध जवळजवळ तीन हात पाडला. कोणालाही इजा झाली नाही. स्टेपनी बदलायला वेळ लागला, कारण जॅक मुरमात रुतत होता आणि त्याच्याखाली ठेवायला पाड्यावरच्या मुलांनी एक रुंद चपटा दगड आणून दिला. पण चाक बदलल्यावरही आमच्यापैकी कोणी गाडीत बसले नाही, कारण समोर पडलेला बांध होता.

शेताचे मालक वयस्कर होते. ते पावरी, म्हणजे येथल्या पावरा आदिवासींची बोली, बोलत आणि त्यांचा नातू आम्हाला मराठीत सांगत असे. ते रागावले नाहीत. "बाबा, आम्ही भरपाई देतो," असे आमच्यातला एक जण म्हणाला, तेव्हा त्यांनी पैशांविषयी काहीच न बोलता पडलेल्या दगडांकडे बोट दाखवले. एवढ्या उताराच्या शेतात माती टिकते ती बांधामुळे, आणि तीन हातांचे खिंडार पावसाळ्यात साऱ्या वाफ्याची माती ओढ्यात नेऊ शकते. पुढचे तीन तास आम्ही त्यांच्या हाताखाली काम केले. सर्वांत मोठे दगड तळाशी, खणलेल्या चरात. प्रत्येक दगडाची लांब बाजू आत, डोंगराकडे. सारा बांध किंचित मागे, चढाच्या बाजूला रेललेला. आणि फटींत लहान चिपा, म्हणजे पाणी झिरपून जावे पण माती अडावी. मी दोनदा दगड उभा लावला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो काढून आडवा ठेवला. सिमेंट नाही, दोरी नाही, मोजपट्टी नाही. आदल्या दिवशी दगड पाहून चाक ठेवायचा आम्हाला अभिमान वाटला होता; या माणसाची नजर त्याच दगडांत पुढच्या पावसाचे पाणी पाहत होती.

काम संपल्यावर नातवाने घरातून पाण्याची कळशी आणि गूळ आणला. बाबांनी मग विचारले की, रात्री तुम्ही खाली ओढ्यात का झोपलात. जागा सपाट होती, असे आम्ही सांगितले. त्यांनी हात वरून खाली, हळू, पाणी ओतल्यासारखा फिरवला आणि नातवाने त्याचा अर्थ सांगितला : थंडी रात्री पाण्यासारखी उतरते आणि खोलगट जागी साचते. शास्त्रही हेच सांगते. निरभ्र रात्री जमीन उष्णता आकाशाकडे सोडून थंड होते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, आणि ती जड हवा उताराने घरंगळत दरीच्या तळाशी जमते. तेव्हा कुठे मी त्या पाड्याकडे नीट पाहिले. येथे घरे एकमेकांना चिकटून नसतात, ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्या शेतात असते. आणि दिसत होते तेवढे प्रत्येक घर ओढ्यापासून दूर, चढावर किंवा टेकडीच्या खांद्यावर होते.

दुसरा मुक्काम बाबांनी दाखवलेल्या पडीक तुकड्यावर, ओढ्यापासून साठ-सत्तर मीटर उंचीवर झाला. जागा तिरपी होती. तंबूखाली दगड सारखे करायला तासभर गेला आणि खुंटे ठोकताना दोन वाकले. त्या रात्री आम्ही झोपलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता तापमापकात ९ अंश होते. कापड कोरडे होते. उजाडल्यावर चहासाठी पाणी ठेवून मी कड्याच्या टोकाशी गेलो. आमच्या तंबूंवर ऊन आले होते, बाबांच्या छपरातून धूर निघत होता आणि नवा बांध जुन्या बांधाहून थोडा फिकट दिसत होता. खाली, पहिल्या रात्री आम्ही जेथे झोपलो होतो ती सपाट जागा अजून सावलीत होती आणि काठोकाठ पांढरी झाली होती.